आत ओल आहे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आजी-आजोबांवरची कविता शिकवली की मुलं 'आजोबा प्रेमळ होते' एवढं लिहून मोकळी होतात, असं तू कळवलंस. ते उत्तर चूक नाही, पण तेवढं कळायला कविता लागत नाही. माझ्या मते मुलं भावनेकडे फार लवकर धावतात आणि वस्तूकडे बघायचं राहून जातं. उदाहरणापुरत्या चार ओळी रचल्या आहेत, त्यावरूनच सांगतो.

आजोबांच्या हाताची साल
दुपारभर उन्हात पडून असे.
आम्ही नखाने आठवणी सोलायचो,
तो म्हणे, सावकाश, आत ओल आहे.

आधी दोनदा मोठ्याने वाचून घे, पेन्सिल खाली ठेवून. मग 'काय वाटलं?' हा प्रश्न टाळ आणि 'काय दिसलं?' असं विचार. हात, ऊन, नख, सोलणं, ओल. फळ्यावर एवढंच लिही. अलंकाराचं नाव या टप्प्यावर आलं की मुलं नाव पाठ करतात आणि चित्र सुटतं.

आता 'साल'. हे दोन शब्द आहेत. 'ती साल' म्हणजे झाडाची किंवा फळाची, आणि 'ते साल' म्हणजे वर्ष, फारसीतून आलेलं. इथे 'हाताची' आहे, 'हाताचं' नाही, म्हणून अर्थ पहिलाच. तरी म्हाताऱ्या माणसाबद्दल वाचताना दुसरा अर्थ कानात हलकेच वाजतो. तो वाजू द्यावा, पण उत्तरात पहिला म्हणून लिहू नये. शब्दकोश उघडलास तर अर्थाआधी लिंग बघायला लाव. असे घोळ तिथेच सुटतात. शिवाय खरचटल्यावर आपण 'साल निघाली' म्हणतोच. म्हणजे पहिल्या ओळीपुरतं हे रोजचं बोलणं आहे, झाड अजून आलेलं नाही.

झाड येतं ते शेवटच्या 'ओल' या शब्दाने, आणि तो शब्द मागे वळून पहिली ओळ बदलून टाकतो. इथे थांब, घाई करू नकोस. झाडाची वाळलेली साल बोटाने सुटते. जिवंत साल ओढली की खाली ओला, हिरवट थर लागतो. पानांत तयार झालेलं अन्न या आतल्या सालीतूनच मुळांपर्यंत जातं. खोडाभोवती कड्यासारखी पूर्ण साल काढली तर झाड हळूहळू मरतं. एवढं माहीत असलं की 'आत ओल आहे' ही मायेची कबुलीही होते आणि इशाराही: वरून वाळलेला दिसतोय, पण अजून जिवंत आहे, दुखेल. मुलांच्या उत्तरात बहुधा माया येते आणि इशारा गळतो.

तिसऱ्या ओळीवर शब्दशक्ती, म्हणजे शब्द अर्थ कसा देतो त्याच्या तीन रीती, शिकवता येतील. आठवणी नखाने सोलता येत नाहीत, म्हणजे अभिधा, शब्दाचा सरळ अर्थ, अडली. ती अडल्याशिवाय लक्षणेकडे, म्हणजे सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याकडे, जायचं नाही, हा नियम पक्का कर. नाहीतर मुलं 'ऊन म्हणजे संकट' असलं काहीही लिहितात. इथलं ऊन निव्वळ ऊन आहे. लक्ष्यार्थ असा, की नातवंडं एकेक गोष्ट उकरून विचारत. आणि व्यंजना, म्हणजे न सांगता सुचणारा अर्थ, अशी, की त्या विचारण्याने आत कुठेतरी ओरखडा उठत होता.

चौथ्या ओळीतला 'तो' बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. आजोबांना 'ते' म्हणतात, क्रियापद 'म्हणत' झालं असतं. 'तो म्हणे' म्हणजे हात म्हणे. आजोबा कवितेत एक शब्दही बोलत नाहीत, त्यांचा हात बोलतो. ही चेतनगुणोक्ती, म्हणजे माणूस नसलेल्या गोष्टीला माणसासारखं बोलायला-वागायला लावणं; नाव आत्ता सांग, कारण आता ते कशाचं नाव आहे हे मुलांना दिसलेलं असेल. 'असे', 'सोलायचो', 'म्हणे' हे तिन्ही रीतिभूतकाळ आहेत. वारंवार घडायचं आणि आता घडत नाही. आजोबा गेल्याचं कुठेही लिहिलेलं नाही, तसं ठामपणे म्हणूही नये; काळ तेवढी शंका मनात ठेवतो.

अर्थ नीट लागला का, हे तपासायला शब्द बदलून बघ. 'साल'च्या जागी 'कातडी' घातली की झाड पडतं आणि 'ओल' म्हणजे घाम वाटू लागतो. 'ओल'च्या जागी 'प्रेम' घातलं की ओळ शुभेच्छापत्रासारखी होते. 'दुपारभर'च्या जागी 'सकाळभर' घातलं तर ऊन थोडं कोवळं होतं, बाकी कविता तशीच राहते. जो शब्द काढल्यावर बाकीच्या ओळीही ढासळतात त्यावर तास घालव, बाकीचे भराभर घे.

'सावकाश' मात्र सोडू नकोस. स-अवकाश, म्हणजे मोकळ्या वेळेसह. हात मुलांना 'नको' म्हणत नाही, वेळ घेऊन सोला म्हणतो.

तुझ्या पाठातल्या कवितेत मुलं नेमक्या कोणत्या शब्दावर अडतात तो शब्द ओळीसकट लिहून पाठव, आधीची आणि नंतरची ओळही हवी.

तुझाच,
मित्र