सुरई, गुलाब आणि जुळलेल्या भुवया

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले, इराणच्या काजार राजघराण्याच्या काळातले स्त्रीचे चित्र पाहिले. ‘जुळलेल्या भुवया आणि निर्विकार चेहरा, हिला सुंदर का म्हणायचे?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. मात्र तो तिला विचारण्यात अर्थ नाही, कारण अशा चित्रांतली स्त्री बहुधा कोणी एक व्यक्ती नसतेच. पूर्णचंद्रासारखे मुख, धनुष्यासारख्या भुवया, सुरूसारखा बांधा ही उपमाने फारसी कवी शतकानुशतके वापरत आले होते आणि चित्रकाराने तीच कॅनव्हासवर उतरवली. काजार राजा फतहअली शाहच्या कारकिर्दीत (१७९७–१८३४) तर देखणा तरुण आणि देखणी तरुणी यांचे चेहरे इतके सारखे रंगवले जात, की पुष्कळदा पोशाख व शिरोभूषण पाहूनच फरक कळतो.

तिच्या हातातली सुरई आणि गुलाब हेही काव्यातूनच आले. चौदाव्या शतकातल्या शिराझच्या हाफिजच्या गझलांत साकी (मद्य ओतून देणारा), मद्य, गुलाब आणि बुलबुल पदोपदी भेटतात. तिथले मद्य म्हणजे ईश्वरप्रेमाची धुंदी, असा सूफी अर्थ लावला जातो आणि तो खोटा नव्हे; पण प्रत्येक सुरईत अध्यात्मच भरलेले असते, हे मला पटत नाही. इस्फहानच्या चेहेल सुतून महालात काजारांपूर्वीचा इराणी बादशहा शाह अब्बास याच्या मेजवानीचे भित्तिचित्र आहे. त्यातल्या सुरया सरळसरळ पिण्यासाठी आहेत.

माझे मन मात्र काजारांच्या आधीच्या इराणी चित्रकार रझा अब्बासीकडे ओढ घेते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातले त्याचे १६३० सालचे प्रेमी युगुलाचे चित्र वीतभरही उंच नाही, तरी त्यात दोन देह एकाच बाह्यरेषेत असे गुंफले आहेत की कोणता हात कोणाचा, हे क्षणभर शोधावे लागते. काजार तैलचित्रांत ती लवचिक रेषा हरवली; मोती, जरीकाम आणि रत्ने यांनी तिची जागा घेतली. पुढे काजार राजा नासिरुद्दीन शाहने अंतःपुरातल्या स्त्रियांची छायाचित्रे स्वतः काढली, आणि त्यांत चित्रांतल्या त्या चंद्रमुखींऐवजी चारचौघींसारखे चेहरे दिसतात.

संग्रहालयात पुन्हा जाशील तेव्हा चित्रातल्या हातांचा जवळून फोटो घे. मेंदीने रंगलेली बोटे आणि पेला धरण्याची ढब मला नीट पाहायची आहे.

तुझा,
बाबा