हे केवळ मैत्रिणींचे मंडळ नव्हे

महोदय,

कमला हॅरिस यांच्यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात ‘अल्फा कप्पा अल्फा’ या त्यांच्या संघटनेचा उल्लेख ‘महाविद्यालयीन मैत्रिणींचे मंडळ’ असा झाला आहे. तो अपुरा, म्हणूनच अन्यायकारक वाटतो. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ रोजी कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी स्थापन केलेल्या या संघटनेचे सदस्यत्व पदवीबरोबर संपत नाही, ते आयुष्यभराचे असते. १९३५ च्या उन्हाळ्यात डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली तिच्या सदस्या मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी दवाखाने चालवायला गेल्या. मळेमालकांनी मजुरांना दवाखान्यापर्यंत येऊ देण्यास नकार दिला, तेव्हा या स्त्रियांनी औषधे आपल्या मोटारींत भरून थेट मळे गाठले आणि तेथील मुलांना देवी व घटसर्पाच्या लसी टोचल्या. वर्णभेदाला कायद्याचेच पाठबळ असलेल्या त्या प्रांतात याला किती धैर्य लागले असेल! हे काम पुढेही अनेक उन्हाळे चालू राहिले. हॅरिस यांची जडणघडण सांगताना ही परंपरा एका ओळीत उरकली जाऊ नये; पुरवणीच्या एखाद्या पुढील अंकात तिच्यावर स्वतंत्र लेख यावा, ही विनंती.

– एक वाचिका, पुणे