खाऱ्या टाकीत आधी अल्कलिनिटी मोजावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाक्यांविषयी आलेला लेख वाचला. कोकण किनाऱ्यावरच्या काही होमस्टेंच्या आणि खानावळींच्या दर्शनी भागात अशा टाक्या दिसू लागल्या असताना हा विषय मराठीत मांडला गेला, हे चांगलेच झाले. माशांची निवड, दिव्यांची उंची, पंपांची साफसफाई यांबद्दलचा मजकूर उपयुक्त आहे. पाण्याच्या रसायनाचा भाग मात्र इतका त्रोटक आणि काही ठिकाणी इतका चुकीचा आहे की, त्यावर विसंबून कोणी टाकी मांडली, तर ती पहिल्याच पावसाळ्यात हातची जाण्याची भीती आहे. लेखात सामूचा (पीएचचा) उल्लेख आहे, कॅल्शियमचा आहे; अल्कलिनिटीचा एकदाही नाही. प्रवाळ, शंख-शिंपले आणि दगडांवर गुलाबी थर धरणारे चुनखडी शेवाळ असलेली रीफ टाकी सांभाळताना सर्वांत आधी आणि सर्वांत नियमाने मोजायचा आकडा नेमका हाच आहे.

पाण्यात आम्ल पडले तरी ते पचवून सामू फार ढळू न देण्याची पाण्याची क्षमता म्हणजे अल्कलिनिटी. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यत्वे बायकार्बोनेटमुळे आणि थोड्या प्रमाणात कार्बोनेट व बोरेट यांच्यामुळे येते. खाडीकाठी कोळंबीचे तलाव चालवणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. ते ती पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मोजतात आणि टाकीवाले डीकेएचमध्ये, म्हणजे कार्बोनेट कठीणपणाच्या जर्मन अंशांत, एवढाच फरक. एक डीकेएच म्हणजे सुमारे १८ पीपीएम. खुल्या समुद्राच्या पाण्यात ती साधारण ६.५ ते ७ डीकेएच असते, टाकीत ७ ते ९ च्या दरम्यान ठेवली की पुरते. काही हौशी मंडळी वाढ जलद व्हावी म्हणून ती ११ पर्यंत चढवतात. मला त्यात शहाणपण दिसत नाही, कारण पाण्यात पोषकद्रव्ये कमी असताना अल्कलिनिटी जास्त राहिली, तर भरभर वाढणाऱ्या प्रवाळांची टोकेच आधी पांढरी पडतात, आणि जास्तीची भर पंपाच्या पात्यांवर पांढरा थर होऊन बसते ती वेगळीच.

आता कॅल्शियमकडे वळतो, कारण लेखातला सल्ला असा आहे की, प्रवाळांची वाढ मंदावली तर कॅल्शियमचे द्रावण घालावे. प्रवाळ आपला सांगाडा रचतो तेव्हा कॅल्शियमच्या एका आयनामागे बायकार्बोनेटचे दोन आयन खर्ची पडतात, त्यातून कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी सुटते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला ४१० ते ४२० मिलिग्रॅम असते, म्हणजे त्याची कणगी भरलेली असते. बायकार्बोनेट मात्र त्या मानाने मापट्याएवढेच. समजा, टाकीत अल्कलिनिटी ८.४ आणि कॅल्शियम ४२० आहे. प्रवाळांनी आणि शेवाळाने आपला वाटा उचलून अल्कलिनिटी ५.६ पर्यंत उतरली, तर त्याच हिशेबाने कॅल्शियम उतरेल फक्त ४०० पर्यंत. वीस मिलिग्रॅमचा हा फरक घरगुती थेंबांच्या चाचणीत एरवीही होणाऱ्या चुकीतच बुडून जातो. म्हणजे कॅल्शियम मोजणारा माणूस निर्धास्त राहतो आणि तिकडे प्रवाळाचे काम थांबत आलेले असते. अशा वेळी त्याने कॅल्शियमचे द्रावण ओतले, तर जे भरपूर आहे तेच वाढते आणि जे संपत आले आहे ते तसेच राहते.

फक्त मासे ठेवणाऱ्यांनीही यातून स्वतःला वगळू नये. माशांच्या उत्सर्गातला अमोनिया जिवाणू नायट्रेटपर्यंत नेतात तेव्हा आम्ल तयार होते आणि ते अल्कलिनिटी खाते. पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट साठले, तर त्यापायी सव्वादोन डीकेएचच्या आसपास अल्कलिनिटी गेलेली असते.

सामू घसरला की खाण्याचा सोडा टाकावा, हा लेखातला दुसरा सल्ला तर नेमका पावसाळ्यातच अंगाशी येईल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर खिडक्या बंद असतात, खोलीत माणसे असतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो टाकीच्या पाण्यात उतरतो आणि सामू ८.२ वरून ७.८ वर येतो. यात अल्कलिनिटी तसूभरही कमी झालेली नसते. तिथे सोडा टाकल्याने सामू टिकून वर जात नाही, उलट खाण्याचा सोडा सुरुवातीला तो किंचित खालीच आणतो. अल्कलिनिटी मात्र विनाकारण चढते, आणि सामू अजून खालीच दिसतो म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा पडतो. याला उपाय म्हणजे खिडकी उघडणे, किंवा प्रोटीन स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी भिंतीबाहेर काढणे. दिवसाउजेडी सामू चढतो आणि पहाटे उतरतो, हेही स्वाभाविकच आहे. सामू पाहू नये असे मी म्हणत नाही. पण केवळ तो पाहून काहीही ओतू नये.

सोडा घालायचाच, तर तो अल्कलिनिटी मोजून आणि वजन करून. शंभर लिटर पाण्यात एक डीकेएच वाढवायला सुमारे तीन ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तो आरओच्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या जोरदार प्रवाहात, थोडा थोडा घालावा आणि एका दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे, तिच्यात आम्ल मिसळलेले असते. रोजचा खप काढायचा, तर काहीही न घालता लागोपाठ दोन दिवस ठरल्या वेळी मोजावे आणि वजाबाकी करावी. बाजारातल्या थेंबांच्या बहुतेक चाचणी-संचांत पाच मिलिलिटर नमुन्याला एक थेंब म्हणजे एक डीकेएच असा हिशेब असतो; नमुना दहा मिलिलिटर घेतला की एक थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो आणि मोजणी तेवढी बारीक होते. मॅग्नेशियमबद्दल इतकेच की, ते लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास असावे. ते फार उतरले, तर घातलेली अल्कलिनिटी पाण्यात न राहता साक्याच्या रूपाने बाहेर पडते.

चुन्याच्या निवळीचा उल्लेख लेखात यायला हवा होता, कारण ती स्वस्त आहे आणि कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही खपाच्याच प्रमाणात देते. एक लिटर आरओच्या पाण्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड दीड-पावणेदोन ग्रॅमपेक्षा जास्त विरघळत नाही; वरची निवळी तेवढी घ्यायची, तळाचा साका घ्यायचा नाही. अशी एक लिटर निवळी शंभर लिटर टाकीत साधारण एक डीकेएचची भर घालते. तिचा सामू १२ च्या वर असल्याने ती रात्री, थेंबाथेंबाने सोडावी आणि डोळ्यांना जपावे. भिंतीला देण्याचा किंवा पानाला लावण्याचा चुना यासाठी वापरू नये, त्यात काय काय मिसळलेले असते ते कळत नाही.

ही निवळी बहुतेक जण टाकीतून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी भरतात, आणि कोकणात गोची होते ती इथेच. एप्रिल-मेमध्ये टाकी थंड राहावी म्हणून वर पंखा लावलेला असतो, पाणी भराभर उडते, निवळीही जास्त जाते. आषाढात हवाच इतकी दमट असते की, पाणी उडतच नाही, त्यामुळे निवळीचा पुरवठा आपोआप आटतो. प्रवाळांचा खप मात्र ऋतू पाहून बदलत नाही. टाकीकडे कोणाचे दुर्लक्ष झालेले नसते, यंत्रणाही बिघडलेली नसते आणि तरीही अल्कलिनिटी आठवड्या-दोन आठवड्यांत खाली येते. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात ठरवलेली मात्रा पावसाळ्यात जशीच्या तशी चालवता येत नाही. मृग लागला की खप पुन्हा मोजावा आणि जी तूट दिसेल ती सोड्याने व कॅल्शियमच्या वेगळ्या द्रावणाने भरून काढावी.

सर्वांत मोठी चूक समुद्राच्या पाण्याविषयी आहे. 'किनाऱ्यावर राहणाऱ्यांना पाणी फुकट; खाडीतून आणावे आणि खारटपणा कमी वाटल्यास मीठ घालावे,' असा त्या परिच्छेदाचा आशय आहे. पावसाळ्यात वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, कर्ली यांसारख्या नद्यांचे गोडे पाणी खाड्यांतून बाहेर पडते, हलके असल्याने वरच तरंगते आणि किनाऱ्यालगतचा वरचा थर पातळ करते. पाण्याचा खारटपणा दर हजारी ३५ वरून २५ वर आला, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही जवळजवळ त्याच प्रमाणात घटतात, आणि अल्कलिनिटीचा तर अंदाजच बांधता येत नाही, कारण ती नदीच्या पाण्यावर ठरते. जांभ्यातून झिरपलेल्या आपल्याकडच्या पाण्यात चुना फारसा नसतो.

ही तूट मिठाने भरून का निघत नाही, हे ज्याने मिठागर पाहिले आहे त्याला लगेच पटेल. आगरात समुद्राचे पाणी आटत जाते तेव्हा आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, मग जिप्सम बसतो, त्यानंतर मीठ धरते, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्याबरोबर निघून जाते. हाती येते ते बहुतांशी सोडियम क्लोराइड. म्हणजे टाकीला ज्या गोष्टींची गरज आहे, त्या मीठ होण्याच्या आधी किंवा नंतर बाजूला पडलेल्या असतात. असे मीठ घातल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजण्याच्या उपकरणावर, आकडा अगदी बरोबर दिसेल आणि पाणी तरीही प्रवाळाच्या उपयोगाचे नसेल. पाणी आणायचेच, तर पावसाळ्याआधी, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून आणि बंदरापासून दूर, खुल्या खडकाळ किनाऱ्यावरून आणावे, गाळून अंधारात ठेवावे आणि वापरण्यापूर्वी त्याची अल्कलिनिटी मोजावी. पावसाळ्यात मत्स्यटाकीसाठी तयार मिळणारे समुद्री मीठ आरओच्या पाण्यात मिसळणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. खर्च होतो, पण तो अटळ आहे.

शेवटी प्रवाळांच्या तुकड्यांविषयी. 'वाळूत सापडलेले प्रवाळ आणि शिंपले टाकीत ठेवल्यास पाण्याचा समतोल आपोआप राखला जातो,' असे लेखात म्हटले आहे. ते रसायनशास्त्रात बसत नाही. प्रवाळाचा सांगाडा ज्या ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा असतो, त्याने समुद्राचे पाणी मुळातच अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त भरलेले असते; टाकीचा सामू ८ च्या आसपास असताना शिंपला किंवा प्रवाळाचा सांगाडा त्यात विरघळणारच नाही, आणि विरघळला नाही तर अल्कलिनिटी देणार कोठून? त्याहून गंभीर म्हणजे, दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला मिळते त्याच अनुसूचीचे संरक्षण त्यांना आहे, आणि ते काढणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले, त्यामागे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे हेच समुद्रजीवन होते. किनाऱ्यावर सुटीसाठी येणारा वाचक आपली पुरवणी वाचून असा तुकडा पिशवीत टाकील, तर तो आपणहून अडचणीत येईल. तरी निदान एवढ्या मुद्द्याचा खुलासा त्याच पुरवणीत, लेख जिथे आला होता त्याच पानावर, पर्यटकांची गर्दी सुरू होण्यापूर्वी छापावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
जि. सिंधुदुर्ग