सूचना : शुक्रवारी तीन गाड्यांची जागा आपली

सभासदहो, सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार म्हणजे ‘पार्किंग डे’. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘रीबार’ या डिझाइन गटाने रस्त्यावरच्या पार्किंग मीटरमध्ये पैसे भरून गाडीची एक जागा दोन तासांसाठी घेतली आणि तिथे हिरवळ, बाक, झाड मांडलं. तिथून ही प्रथा जगभर गेली.

आपण रस्ता अडवणार नाही. गेटजवळच्या पाहुण्यांच्या पार्किंगमधल्या तीन जागा घेतोय, संध्याकाळी ५ ते ८. तिथल्या गाड्या गुरुवारी रात्रीच हलवा; ऐनवेळी किल्ली शोधत बसू नका. सतरंज्या, कुंड्या घरून आणा. कॅरम आहे, पण राणी गेल्या गणपतीपासून गायब आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी गुपचूप आणून ठेवावी, चौकशी होणार नाही. पाऊस आला तर ताडपत्री बांधू.