गाडीचं दुखणं शोधून देणाऱ्यांना

चार दिवस उभी राहिली की आमची पेट्रोल गाडी नुसता सेल्फ खायची, चालू होईना. एकदा सुरू झाली की मग दिवसभर अर्ध्या चावीत. जो तो म्हणे, बॅटरी बदला. ती बदलू न देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार!

शेजारच्या इमारतीतले काका मल्टिमीटर घेऊन खाली आले. उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. सेल्फ मारतानाही काटा 10 च्या वरच. (काका निवृत्त वायरमन, चहासुद्धा घेतला नाही.)

नाक्यावरच्या गॅरेजातल्या पोराने खरी खूण दाखवली. चावी नुसती ऑनवर न्यायची, मागच्या सीटखाली, टाकीतून पेट्रोल पुढे ढकलणाऱ्या पंपाची घूं ऐकायची, ती थांबली की बंद. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं! म्हणजे पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उभ्या उभ्या उतरत होतं. आता दोष पंपातल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा (पेट्रोल मागे टाकीत जाऊ न देणारी झडप), की इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या एखाद्या गळक्या इंजेक्टरचा?

ते ठरलं एका अनोळखी दादाने उसन्या दिलेल्या प्रेशर गेजमुळे. पंप थांबताच काटा खाली घसरू लागला; टाकीकडून येणारी रबरी नळी चिमटली की जागच्या जागी. पेट्रोल टाकीत परत जात होतं, इंजेक्टर निर्दोष. पंप बदलला, काम झालं.

दादा, गेज पुसून डब्यात ठेवलंय. गॅरेजवर दिलंय, येता-जाता घेऊन जा.