छातीवर मुंजा बसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा मुलगा 24 वर्षांचा. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. गेल्या पावसाळ्यात नाइट करून येऊन तो झोपला होता. दहाच्या सुमारास मी धुतलेले कपडे ठेवायला खोलीत गेले, तर हा उताणा पडलेला, डोळे उघडे, नजर माझ्यावर. पण हाक मारली तरी ओ देईना. खांद्याला हात लावला तसा दचकून उठून बसला. बनियन घामाने चिंब. म्हणाला, "आई, तू आलेली दिसत होतीस गं, पण छातीवर कुणीतरी बसलं होतं. तोंडातून शब्दच फुटेना."

घरात एकच चर्चा सुरू झाली: मुंजा! कामावर जायच्या वाटेवर पिंपळ आहे, तेवढं निमित्त पुरलं. दाराला काळी बाहुली लागली, देवऋष्याकडे तीन खेपा झाल्या, साडेचार हजार रुपये गेले. त्रास थांबला नाहीच, उलट पोरगा झोपायलाच घाबरू लागला. आणि झोप मोडली की हाच प्रकार वाढतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एका नातेवाइकांनी तर "दोन घोट घेऊन झोप" असंही सुचवलं. दारूने डोळा लवकर लागतो, पण सुरुवातीला दबलेली स्वप्नांची झोप उत्तररात्री उसळून येते, वाईट स्वप्नं घेऊन.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पंधरा मिनिटांत उलगडा केला. साधारण दर दीड तासाने आपण एका वेगळ्या झोपेत जातो. मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात, ठळक स्वप्नं पडतात. शिकागो विद्यापीठातल्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये ती जगापुढे मांडली. स्वप्नात धावताना आपण खरोखर उठून धावू नये म्हणून मेंदू तेवढा वेळ हातापायांचे स्नायू सैल सोडतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. डोळे उघडे, खोली दिसते, स्वप्नही अजून सरलेलं नसतं. फासळ्यांमधले स्नायूही ढिले असल्याने दीर्घ श्वास घेता येत नाही, म्हणून छातीवर ओझं वाटतं. हा झोपेतला लकवा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत आपोआप सुटतो. शंभरातल्या साधारण 8 जणांना तो आयुष्यात एकदा तरी येतो. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण 28 टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे. जपानमध्ये याला 'कानाशिबारी' म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी बसते. आपल्याकडे मुंजा.

मुलाला औषध लागलं नाही. कुशीवर झोपणं, नाइटच्या आठवड्यात खिडकीला जाड पडदा, झोपायच्या आधी चहा बंद, एवढ्यावर भागलं. दिवसाही अनावर झोप येत असेल तर मात्र तपासून घ्यायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं.

अकरावी-बारावीला मानसशास्त्र ऐच्छिक असतं, त्यामुळे बहुतेक मुलं झोपेबद्दल एक ओळही न शिकता कॉलेजातून बाहेर पडतात. नववी-दहावीच्या विज्ञानात झोपेवर दोन पानं घाला, आणि शिफ्टच्या कामगारांच्या वैद्यकीय तपासणीत "झोप कशी लागते?" हा प्रश्न विचारा, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे. आपल्या आरोग्य पुरवणीतही यावर जरूर लिहावं.

दारावरची बाहुली मी काढली. आधी सासूबाईंना शेजारी बसवून डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "अगं, मलाही व्हायचं हे, लग्न होऊन आले तेव्हा. कुणाला सांगायचं?"

– एक आई, तळेगाव दाभाडे