अम्ब्रुसुमचा पूल

माँपेलिए

प्रिय मिलिंद,

तुझ्या नव्या पुलाचे फोटो पाहिले. खांब पाण्यात कसे उभे केलेत ते बघताना सारखं वाटत होतं, दक्षिण फ्रान्समधल्या अम्ब्रुसुम या रोमनकालीन वस्तीबद्दल तुलाच लिहायला हवं.

इटलीहून स्पेनकडे जाणारा विया दोमितिया हा रोमन रस्ता इथल्याच विदूर्ल नदीवरून जायचा. डोमिटियस अहेनोबार्बस या सेनापतीनं तो इ.स.पू. ११८च्या सुमारास आखला. स्पेनमधल्या कादिझपासून रोमपर्यंतच्या मुक्कामांची यादी कोरलेले चांदीचे पेले सापडलेत; त्यांत नीम शहरापासून पंधरा रोमन मैलांवर अम्ब्रुसुमचं नाव आहे.

टेकडीवर गॉल लोकांचं, म्हणजे रोमनांआधीच्या इथल्या रहिवाशांचं, तटबंदीचं गाव आधीपासून होतं. तिथल्या फरसबंदीत गाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल गेल्यात की मी वाकून हात घालून पाहिला! पण माझा जीव अडकला तो खाली, नदीकाठी. रस्त्यावरच्या वाटसरूंसाठी तिथे वस्ती उभी राहिली: उतरायला धर्मशाळा, थकलेली जनावरं बदलायची सोय, लोहाराचं दुकान, स्नानगृह. पहिल्या शतकाच्या अखेरीस टेकडी ओस पडली, तरी खालचे लोक राहिले. विदूर्लचे पूर भयंकर असतात, अचानक येतात. या लोकांनी बांध घातले आणि रस्ता चालता ठेवला. नीमचं अॅम्फीथिएटर, पाँ दु गार हा पाणी वाहून नेणारा रोमन पूल पाहायला झुंबड उडते; सम्राटांचं वैभव तिथे आहेच. मला मात्र पुराशी झगडत वाटसरूला जेवू घालणारी ही माणसं मोठी वाटतात. त्यांच्या वस्तीच्या नुसत्या पायाभिंती उरल्यात, म्हणून त्या जपायलाच हव्यात.

आता पूल. आज पाण्याच्या मधोमध एकच कमान उभी आहे, दोन्ही काठांपासून तुटलेली. चित्रकार कूर्बेनं १८५७मध्ये तो रंगवला तेव्हा दोन कमानी होत्या. १९३३च्या पुरानं एक नेली. उरलेल्या खांबांना प्रवाहाच्या बाजूनं टोकदार नाक काढलंय आणि वर, कमानींच्या बगलेत, पोकळ खिडक्या ठेवल्यात. चढलेलं पाणी त्यातून निघून जावं, असा हिशेब असणार. तुमच्याकडे पुराच्या पाण्यासाठी अशी जागा ठेवतात का रे? पाण्याचा दाब त्यानं खरंच किती कमी होत असेल? मी कमानीची मापं आणि जवळून काढलेले फोटो वेगळे पाठवतोय. नीट बघ आणि सविस्तर लिही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत